त्या हिवाळ्याची येळवस

मार्गशीर्षातली अवस आली की लातूर ओस पडतं. बाजारपेठ बंद, शाळांना कुलूप, कचेऱ्यांना जिल्ह्यापुरती सुट्टी. एरवी माणसांनी फुललेल्या गंजगोलाईत चिटपाखरू नसतं. जो तो शेतात. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो सोयऱ्याच्या, दोस्ताच्या, नाहीतर मालकाच्या शेतात. बाहेरगावचा पाहुणा त्या दिवशी लातुरात उतरला तर त्याला कपभर चहाची पंचाईत.

हा आमचा हिवाळ्यातला सण. येळवस. पंचांगातली वेळा अमावस्या. लातूर, धाराशिव, नांदेड-सोलापूरचा काही भाग आणि तिकडं सीमेपल्याड बिदर, कलबुर्गी, एवढाच त्याचा मुलूख. पुण्यात हा सण नाही, म्हणून मराठी सणांच्या पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळाल्या तरी नशीब. कानडीत याला म्हणतात एळ्ळ अमावस्या. एळ्ळू म्हणजे तीळ. कुणी म्हणतं, एळु म्हणजे सात, म्हणून सातवी अवस. मला तिळाचं पटतं, कारण त्या दिवशीच्या पानात तिळाची पोळी असते आणि पोटाची साक्ष पोथीपेक्षा बरी. आपले शिकलेले लोक मात्र 'वेळ' धरून बसतात. शुभ वेळ. म्हणजे मुहूर्त आला, पाठोपाठ भटजी आला. या सणाला खरं तर भटजी लागतच नाही.

लागतं ते एवढंच. ज्वारीच्या उभ्या पिकाच्या कडेला कडब्याची कोपी. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड. त्यांना पांडव म्हणायचं. कुणाकडं द्रौपदीचा दगड वेगळा, कुणाकडं लक्ष्मी. दगड जुने असणार, पांडव नंतर आले असणार. पुढं भज्जी: हिरवा हरभरा, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, घावल त्या पालेभाज्या, सगळं ताकात कालवलेल्या बेसनात शिजवलेलं. बाजरीची भाकरी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी. आणि मडकंभर आंबिल, ज्वारीचं पीठ ताकात शिजवलेली. तीच आंबिल मग डहाळीनं पिकावर शिंपडत रानभर हिंडायचं. अंधार पडला की कडब्याच्या पेंढ्या पेटवून गव्हातून पळायचं. पीक दाण्यात आलेलं असतं. काढणीला अजून महिना-दोन महिने आहेत, आणि मधल्या या दिवशी रानाला जेवू घालायचं, एवढा साधा हा सण आहे. चांगला सण आहे. मी त्याची नालस्ती करायला बसलेलो नाही.

पण माझा बाप सालगडी. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला फिटायचं. म्हणजे फिटायचं नाहीच. येळवशीच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत तो रानात. कडबा त्यानं वाहायचा, कोपी त्यानं बांधायची, दगडांना चुना त्यानं लावायचा. चुना लावून झाला की विटाळ. मग पाण्याचा सडा पडायचा आणि मालकाच्या घरची माणसं कोपीत शिरायची. सोयऱ्या-धायऱ्यांच्या पंगती उठेतो दिवस कलायचा. बाप लिंबाखाली बैलांपाशी. माय जरमनची डेचकी घेऊन उभी. वरून भज्जी पडायची. गरम असायची, चवीला झकास असायची, हेही सांगून टाकतो. अख्ख्या वर्षात पोटाला तडस लागेतो खाल्लं असं सांगता येईल तो हा एक दिवस. बाप त्या दिवशी मालकाचं नाव चांगलं घ्यायचा. "धन्यानं पोटभर घातलं," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे मोटेवर. पुढं मोट गेली, इंजिन आलं, तेव्हा इंजिनावर.

मालकाच्या दारची अशी एक दिवसाची पोटभर भाकर ही काही आमच्याच मुलखातली चाल नाही. जुन्या रोमात १७ डिसेंबरपासून सॅटर्नेलिया नावाचा सण असायचा. सॅटर्न हा पेरणीचा देव. त्या दिवसांत गुलामाला मालकासारखं जेवायला बसवायचे. कुठं कुठं मालक स्वतः वाढायचा. गुलामानं चार शब्द तोंडावर बोलले तरी माफ. सण सरला की साखळी होती तिथंच. याच दिवसांत, जुन्या रोमन कालगणनेप्रमाणं २५ डिसेंबरला, सूर्य माघारी फिरतो असं धरत. येशूचा जन्म याच तारखेला पाळल्याची पहिली नोंद रोममधली आहे, इ. स. ३३६ ची. बायबलात तारीख नाही. तारीख रोमनं दिली. आपल्याकडचा 'नाताळ' शब्दही परका, पोर्तुगीजांचा. नाताल म्हणजे जन्म.

अमेरिकेतली गोष्ट याहून जवळची. फ्रेडरिक डग्लस हा जन्मानं गुलाम. पळाला, सुटला, आणि १८४५ साली त्यानं आपली कहाणी छापली. त्यात तो नाताळाविषयी लिहितो. नाताळापासून नव्या वर्षापर्यंत मालक गुलामांना सुट्टी द्यायचे. खाणं, दारू, नाच. मालकाला ते आवडायचंच. दारू न पिणारा, सुट्टीतही हातानं काही करत बसणारा गुलाम त्याला खुपायचा. डग्लस म्हणतो, ही सुट्टी म्हणजे वाफ सोडायची झडप. ती नसती तर भांडं फुटलं असतं, गुलाम उठले असते. आणि सुट्टी संपायची तो दिवस कुठला? १ जानेवारी. त्या दिवशी गुलाम वर्षाच्या बोलीनं दुसऱ्याकडं लावून द्यायचे. बाप एका मळ्यावर, माय दुसऱ्या. आमच्या पाडव्यासारखंच. पुढं लिंकनचा गुलामगिरी उठवणारा जाहीरनामा अमलात आला तोही १ जानेवारीलाच, १८६३ साली. दहा वर्षांनी पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी हबशी गुलामांना मोकळं केलं. जोतीरावांना हे नातं दिसत होतं. माझ्या बापाला दिसलं नाही. त्याच्यापुढं डेचकी होती.

मला हे सगळं सुचायचं कारण एक हिवाळा आहे. १९९३-९४ चा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले होते, तेव्हा किल्लारीची जमीन हलली. हजारो माणसं माती-दगडाच्या भिंतींखाली गेली. मोठ्या वाड्यांच्या जाड भिंतींनी मोठ्यांनाही गाडलं. भूकंपानं जात पाहिली नाही असं तेव्हा लिहून आलं. भूकंपानं पाहिली नसेल. पुनर्वसनानं जमीन पाहिली. भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला २५० चौरस फुटांचं घर, मधल्याला ४००, मोठ्या खातेदाराला ७५०. आणि आमच्याकडं जमीन पाहिली म्हणजे जात पाहिलीच. तो हिवाळा लोकांनी पत्र्याच्या शेडात काढला. रात्री पत्रा गारठायचा आणि पहाटे वरून दव ठिबकायचं.

तिकडं नांदेडात २५ नोव्हेंबरला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं केला होता २७ जुलै १९७८ ला. पंधरा वर्षं उलटली होती. ठराव झाला त्याच आठवड्यात आमच्या वस्त्या पेटल्या, नांदेड-परभणीकडं सगळ्यात जास्त. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे ४ ऑगस्टला जाळले गेले. ते मातंग होते. नामांतर म्हणजे महारांचं भांडण असं म्हणणाऱ्यांना हे एक नाव पुरे. मग १९७९ च्या नोव्हेंबरात नागपूरहून लाँग मार्च. मग सत्याग्रह, तुरुंग. मराठीत 'संक्रांत कोसळणे' म्हणतात. आमच्यावर कोसळलेली संक्रांत पंधरा वर्षं उठायला तयार नव्हती.

६ डिसेंबर आला. आमच्याकडं हिवाळा याच तारखेनं सुरू होतो, थंडी पडो न पडो. १९५६ पासून. माय त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या सालच्या ६ डिसेंबरला अयोध्येत मशीद पाडली गेली होती, आणि आमच्या दुखवट्याच्या तारखेवर शेजारच्या मोहल्ल्याचा दुखवटा येऊन बसला होता. मोहल्ल्याच्या सणांना खरं तर ऋतू नाही. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागं सरतो आणि तेहेतीसएक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २००० साली तर रमजान ईद दोनदा आली, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. त्या ९४ सालात रोजे फेब्रुवारीत लागले. शिरखुर्म्याची वाटी मात्र ऋतू कुठलाही असो, आमच्या दारात यायची आणि वरून पडायची नाही.

२५ डिसेंबर. नाताळाला सरकारी सुट्टी. इंग्रजी राज्यात नाताळात कोर्ट-कचेऱ्या बंद राहत, म्हणून वकील, कारकून, मास्तर मोकळे असत आणि देशभरच्या परिषदा याच आठवड्यात भरत. काँग्रेसची अधिवेशनंही. निजामाच्या राज्यात आमची आठवड्याची सुट्टी शुक्रवारची आणि दफ्तरातलं साल फसली, पण तो भाग वेगळा. तर १९२७ च्या नाताळात महाडला परिषद भरली. मंडपाला कुणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिली. मनुस्मृती जाळायचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण माणसानं मांडला. आणि २५ डिसेंबरच्या रात्री ती जळाली. साहेबाच्या सुट्टीच्या दिवशी. १९९० नंतर दलित स्त्रियांच्या संघटना हाच दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळू लागल्या. बरोबर केलं. त्या पुस्तकानं बाईचं जेवढं वाटोळं केलं तेवढं कुणाचं केलं नसेल.

नाताळ खरोखर साजरा करणारे आमचेच भाऊही आहेत. जालन्याजवळ बेथेल गाव नारायण शेषाद्री यांनी वसवलं, त्यात बाटलेले बरेचसे मांग होते. बिदरकडं मेथडिस्ट मिशनचं काम. तिथं घरावर कागदी चांदणी लागते, फराळ होतो, केक कमी आणि करंज्या जास्त. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंना दिली. १९५६ ला शीख त्यात घेतले, १९९० ला बौद्ध घेतले. ख्रिस्ती झालेला मांग अजून बाहेरच आहे. जात गावात राहते, दाखल्यावरून जाते. म्हणून कित्येक घरांत चांदणी लागते पण दाखल्याची फाईल वेगळ्या धर्माची असते. यात त्यांना दोष देणाऱ्यानं आधी तो आदेश वाचावा.

मग १ जानेवारी. १८१८ च्या इंग्रजी नव्या वर्षाच्या दिवशी कोरेगावला लढाई झाली. स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत 'नाक' लागलेली बावीस नावं आहेत. तिथं आधी शिवराम जानबा कांबळे सभा घेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आले. तेव्हापासून नवं वर्ष आमचंही.

याच शिवराम जानबांचं नाव आमच्या मुलखातल्या आणखी एका हिवाळी गर्दीपाशी आठवावं लागतं. येळवशीच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा सुरू होते. खंडोबाची. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळ्या जनावरांचा बाजार. फड, कुस्त्या, तमाशे, पाल ठोकून राहिलेल्या भटक्यांच्या जातपंचायती. खंडोबाची एक बायको वाण्याची म्हाळसा, दुसरी धनगराची बाणाई. सगळ्यांना सामावून घेणारा देव म्हणून अभ्यासक त्याचं कौतुक करतात. आमच्या पोरींनाही त्यानं सामावून घेतलं, मुरळी करून. पोराचा वाघ्या झाला. तो देवाचा कुत्रा होऊन कोटंब्यात खायचा. शिवराम जानबांनी जेजुरीच्या मुरळ्यांसाठी आवाज उठवला तो शंभर वर्षांमागं. त्यांचं 'सोमवंशीय मित्र' १९०८ साली निघालं. इंग्रजी मुंबई इलाख्यात १९३४ ला देवदासींचा कायदा झाला. आम्ही निजामात, आम्हांला तो लागू नव्हता. राज्याचा नवा कायदा यायला २००६ साल उजाडलं. यात्रेत बाजार मोठा भरतो, उलाढाल मोठी होते, हे दरसाल छापून येतं. मुरळीचं पुढं काय झालं ते छापून येत नाही.

त्या साली येळवस ११ जानेवारीला आली. मंगळवार होता. भूकंपाच्या पट्ट्यात कुणी कोप्या घातल्या, कुणी नाही घातल्या. ज्यांची माणसं गेली होती त्यांनी नुसती आंबिल शिंपडली. माझ्या बापानं साल सोडलं होतं, वय झालं म्हणून. पण सवयीनं पहाटेच उठून बसला. आमचं रान म्हणजे गायरानातला तुकडा. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशभर सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंग भरले. त्या आधी १९५३ लाही मराठवाड्यात पडीक जमिनीसाठी आपले लोक तुरुंगात गेले होते. त्याच वाऱ्यावर आमच्या वस्तीनं गायरान नांगरलं. कितीदा पीक जनावरं घालून चारलं गेलं, त्याचा हिशेब नाही. २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय सांगतो की १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करा. निर्णय झाला; सातबारा पुष्कळांच्या हाती नाही.

तर त्या तुकड्यात मायनं म्हटलं, "आवंदा आपली कोपी घालू." मी शहाणपणा केला. म्हणालो, बाई, आपण बौद्ध, पाच पांडव कशाला? ती म्हणाली, "दगड न्हाई मांडत. भज्जी तर करू का न्हाई? हरभरा का पांडवाचा हाय?" बापानं कोपी बांधली. आयुष्यभर बांधली होती, हात बसलेला. फरक एवढाच की बांधून झाल्यावर तो आत जाऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आतून लई उबदार असती की रं."

तीन दिवसांनी संक्रांत. सूर्य खरा उत्तरेकडं वळतो २१-२२ डिसेंबरला. जुन्या गणितात न मोजलेल्या फरकामुळं आपली संक्रांत जानेवारीच्या मध्यात येऊन पडली आणि अजून पुढं सरकतेच आहे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीला सुगडं, तिळगूळ, हळदीकुंकू. त्या हळदीकुंकवात विधवेला जागा नाही. आणि दुसऱ्या दिवशी किंक्रांत. संक्रांत देवीनं त्या दिवशी किंकरासुराला मारलं म्हणतात. किंकर म्हणजे चाकर. सेवक. मराठी कोशात पाहा. चाकर नावाचा राक्षस मारून त्याचा दिवस पाळतात. बळीराजाची गोष्ट जोतीरावांनी उलटी करून वाचायला शिकवली, ही गोष्ट मात्र आपण सरळच ऐकत आलो.

त्या संक्रांतीला, १४ जानेवारी १९९४ ला, मुख्यमंत्री शरद पवारांनी नामविस्तार जाहीर केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नामांतर मागितलं होतं, विस्तार मिळाला. नांदेडच्या वस्त्यांत त्या रात्री दिवे लागले. काहींनी लावले नाहीत. वाघमारेंना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. रस्त्यावर पोरं नाचत होती आणि म्हाताऱ्या बाया दारात बसून रडत होत्या. हसावं का रडावं ते आम्हांलाही ठरवता येत नव्हतं.

त्याच पंधरवड्यात, पौष शुद्ध सप्तमीला, गुरुगोविंदसिंगांची जयंती. पाटण्यात १६६६ ला जन्म, नांदेडात १७०८ ला अंत. हजूर साहिबला अखंड पाठ, लंगर. बापाला मी तेव्हा नांदेडला नेलं होतं. तो आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाच्या मांडीला मांडी लावून पंगतीत जेवला, तो त्या लंगरात. दिल्लीहून गुरू तेगबहादुरांचं शिर १६७५ साली आनंदपूरला आणणारा भाई जैता भंगी जातीचा होता, आणि गोविंदसिंगांनी त्याला पोटाशी धरलं अशी शिखांची परंपरा आहे. पंजाबात मजहबी शिखांचे गुरुद्वारे अजून वेगळे असतात, हेही आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या सुमारास शीख धर्माचा विचार का केला आणि का सोडला, याचं उत्तर या दोन वाक्यांच्या मधे कुठंतरी आहे. बापाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो पोळी दोन्ही हातांच्या ओंजळीत घेत होता आणि वाढणारा सरदार वाकून वाढत होता.

आता शेवटची गोष्ट, आणि ती नांदेड-लातूरच्या माणसाला टोचल्याशिवाय राहत नाही. १७ सप्टेंबर १९९४ ला, नामविस्ताराला आठ महिने होतात न होतात तोच, नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं तिकडं गेली. स्वामीजी निजामाशी लढलेले मोठे माणूस, त्यांच्या नावाशी भांडण नाही. आणि विद्यापीठ जवळ आलं याचा फायदा आमच्याच पोरांना झाला, हेही कबूल. पण पोचीराम कांबळे नांदेड जिल्ह्याचे. गौतम वाघमारे नांदेडचे. आणि त्या जिल्ह्यातल्या पोरीच्या पदवीवर ज्या नावासाठी ते जळाले ते नाव नाही. माझ्या पोरीनं पदवी आणली तेव्हा मायनं ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. तिला वाचता येत नाही. फोटो शोधत होती.

म्हणून आमच्याकडचे लोक दरसाल १४ जानेवारीला औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठाच्या गेटपाशी जातात. रेल्वेनं, एस्टीनं, टेम्पो करून. आदल्या रात्री निघावं लागतं. ती भोगीची रात्र असते. तेव्हा फडक्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते, येळवशीच्या उरल्या हरभऱ्याची भाजी असते, आणि पहाटे गेटसमोरच्या रस्त्यावर, थंडीत कुडकुडत, लोक ती सोडून खातात.